आवर

साखर पेठेतल्या आमच्या कारखान्यात आता माग नाहीत.
आठ होते. भंगारवाला वजनावर घेऊन गेला.
भिंतीवर खडूने केलेली बेरीज अजून आहे
आणि तिच्यात त्याने चौदा किलो खाल्ले
असं वडिलांचं मत आहे.

त्या जागी विटांवर फळी, फळीवर सहा डबे,
पुण्यातल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेले,
काळे, जुने. एकाला झाकण नाही.
भिंतीवर मागांचे नंबर ऑइल पेंटने लिहिले होते,
तेच त्यांना दिले. तीनपासून आठपर्यंत.
एक आणि दोनच्या जागी छत गळतं.

इथे कापड निघत नाही.
कुणी बाणेरला, कुणी बंगळुरात चार ओळी लिहितं,
त्या इथे येतात, एखादा रनर त्या उचलतो,
चालवून बघतो, कुठे मोडतात ते कळवतो.
वडील ऐकून गप्प बसले. आईला लगेच कळलं.
"म्हणजे चेकर."
हजार विड्यांतून दीडशे छाट काढणारा चेकर
तिने बत्तीस वर्षं बघितला होता.
"तुझा निदान का नाकारली ते लिहून तरी देतो."

सहा डब्यांपुढे सहा वेळा बसून
तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला,
म्हणून एक हत्यार लिहिलं. काळ्या खिडकीतलं.
बटण नाही, चित्र नाही.
नाव ठेवलं जॉबर. वडील जॉबर होते,
अकरा कारखान्यांतले माग त्यांचा पाना ओळखायचे.
'जॉबर यादी' म्हटलं की कोण जागं, कोण झोपलंय ते दिसतं.
'जॉबर भरती' म्हटलं की नव्या डब्याला टोकन,
तासाभरात वापरलं नाही तर वाया, गेटपाससारखं.
'जॉबर मार'.
हे सगळ्यात आधी लिहिलं होतं. सोपं होतं.

मे महिना, पारा त्रेचाळीस.
वडील जेवून उठले, बादली भरली
आणि चाळीस वर्षांच्या सवयीने
कारखान्यात पाणी शिंपडलं.
कोरड्या हवेत सूत तुटतं ना.
बोर्ड जमिनीवर होता.

सहाही लाल. चाळीस मिनिटांचं एक काम
अडतिसाव्या मिनिटाला मेलं.
मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
ते फडक्याने फरशी पुसत राहिले,
तेलुगूत पुटपुटत, ओकटी, रेंडू, मूडू,
डबे मोजत होते की काय, विचारलं नाही.

रात्री बोर्ड वर टांगायचा होता, आढ्याच्या हुकाला.
सात नंबर कामात होता.
मी 'मार' टाइप केलं. ते मागे उभे.
"चालत्या मागाला असं मारतात?"
मग काय करतात?
"धोटा मधे असताना पट्टा काढला तर ताणा फाटतो.
दांड्यावर हात ठेवून उभं राहायचं.
धोटा पेटीत बसल्याचा आवाज येतो, तेव्हा थांबवायचं.
तोवर नवी कांडी द्यायची नाही, बस."

नवी कांडी द्यायची नाही, बस.
मार पुसलं.
एकशे बारा ओळी लागल्या, आणि पहाटेचं पाणी आलं
तेव्हा आई भांडी लावायला उठली.
'जॉबर आवर सात.'
हातातलं पुरं कर, नवं घेऊ नकोस, मग नीज.

आता एखाद्या रात्री मी कुणाला तरी आवर म्हणते.
पडद्यावर येतं: एक काम बाकी.
वडील उपड्या बादलीवर बसतात, डोळे मिटून.
पंख्याचा सूर उतरतो.
"बसला पेटीत," ते म्हणतात,
आणि दोन-तीन सेकंदांनी पडदाही तेच म्हणतो.

नेहमी नाही. परवा चुकले.
तो आठ नंबर नव्हता,
शेजारच्या इराबत्तींचा कूलर होता.